दुखण्याचे इंग्रजी शब्द

मी चौथी पास. ए-बी-सी-डी मला आजही सलग म्हणता येत नाही. पण दुखण्याचे इंग्रजी शब्द मला येतात, आणि त्यांच्यातला फरकही कळतो. हौसेने शिकले नाही. दवाखान्यात झाडू मारायला लागले, तिथे ते गळ्यात पडले.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. आमचा कोळीवाडा आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीला लागून. नवऱ्याचा हात जाळ्याच्या दोरात सापडून अधू झाला, त्याला होडीवर कोणी घेईना, म्हणून मी कामाला लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मद्रासकडच्या. मराठी म्हणाल तर ‘बस’, ‘ऊठ’ आणि ‘जीभ’. बाकीचं कंपाउंडर इंग्रजीत सांगायचा. त्याचं इंग्रजी चांगलं होतं, पण तो पुरुष. बाया त्याच्यासमोर पदर तोंडाशी धरून ‘दुखतंय’ एवढंच म्हणायच्या आणि तोही ‘पेन’ एवढंच सांगायचा. डोक्यात पेन, पोटात पेन, पायात पेन. एके दिवशी बाई वैतागल्या. त्याला त्यांनी बाहेर बाटल्यांपाशी बसवलं आणि माझ्या हातातला झाडू काढून घेऊन मला आत उभं केलं.

शिकवायची त्यांची रीत दांडगी होती. दंडाला कचकन चिमटा काढला आणि म्हणाल्या, “पेन.” मग स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दिवसभर उभं राहिलेल्या बाईसारखं तोंड केलं. “एक्.” उच्चार आपल्या एक-दोनमधल्या एकासारखा. पेन ओरडायला लावतं. एक् मुरलेलं असतं, ते घेऊनच माणूस कामं उरकतं. मासळी खारवून माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यांवर त्यांनी बोट दाबलं. मी हात ओढला. “सोअर.” टेबलाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटला तर ‘हर्ट’, ते बाहेरून लागलेलं. ‘क्रॅम्प’साठी त्यांनी मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. येतं आणि जातं ते क्रॅम्प.

मराठीत असे शब्द नाहीत असं कोणी समजू नये. ठणका आहे, कळ आहे, सल आहे, हुळहुळणं आहे. आमच्या बाया ते वापरत नव्हत्या, एवढंच. दुखणं वेगवेगळं करून सांगायला बसून विचार करावा लागतो, आणि बसायला कोणाला मिळत होतं?

‘टायर्ड’ आणि ‘वीक’चं तर मला शेवटपर्यंत जमलं नाही. प्रत्येक बाई म्हणायची, अंग गळून गेलंय. डॉक्टरीणबाई विचारायच्या, टायर्ड की वीक? झोपल्यावर जातं ते टायर्ड, झोपूनही राहतं ते वीक. आता आमच्यातली कुठली बाई पुरती झोपली होती, म्हणजे तिला कळावं? मी आळीपाळीने एकीला हे आणि दुसरीला ते सांगून टाकायची. औषध तेच मिळायचं, लाल पाणी.

वाड्यात एक रीत होती. होडी बाहेर असताना घरातल्या बाईने ‘कळा’ हा शब्द काढायचा नाही. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तरी ‘कंबर भरली’ म्हणायचं. कळ बोलली की ती पाण्यावरून चालत जाते आणि होडीला धरते, असं म्हाताऱ्या सांगत. सुईण येऊन बसली, मूल बाहेर आलं, तरी तो शब्द नाही. मीही माझ्या वेळी कंबर भरली म्हणूनच ओरडले होते.

एका सकाळी तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची बायको आपल्या सुनेला घेऊन दवाखान्यात आली. सुनेला आठवा महिना. आधीची दोन मुलं तिची आठव्यातच घरी झाली होती आणि दोन्ही गेली होती.

“काय न्हाय गो, कंबर भरलीय तिची,” सासू म्हणाली. “चोळायला तेल दे म्हणावं बाईला. आम्ही जातो.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. “एक्?”

सासूच्या बोलण्याप्रमाणे ते एक्‌च होतं. पण सुनेने बाकाची कड घट्ट धरली होती आणि ओठ आत ओढले होते. मग तिचे हात सैल पडले. थोड्या वेळाने पुन्हा कड धरली.

“काकी, होडी कुठाय?” मी विचारलं.

“बाहेर हाय. दोघंबी तिच्यावरच हायत, बाप नि लेक. तुला काय करायचंय?”

मी बाईंना म्हटलं, “नो एक्. क्रॅम्प.” आणि मूठ आवळून, सोडून दाखवली.

“काय सांगितलंस तिला?”

“कंबर भरलीय म्हटलं.”

“मग मूठ कसली आवळतेस?”

“तेल किती पायजे ते सांगितलं.”

डॉक्टरीणबाई सुनेच्या पोटावर हात ठेवून थांबल्या. त्यांनी कंपाउंडरला हाक मारून पाणी तापवायला लावलं आणि खाटेवर चादर घातली. मग म्हातारीला सगळं उमगलं.

“अवदसे, बोललीस तू! माझी दोन माणसं पाण्यात हायत!”

“मी कुठं बोलले? तो शब्द आपला न्हाय. दर्याला इंग्रजी येतं काय?”

“गोऱ्यांच्या बोटी काय कमी बुडाल्या?”

म्हातारीने सुनेचा दंड धरून ओढायला सुरुवात केली. पोरीने खाटेचा गज पकडला.

“मी न्हाय येत, आत्या. दोन गेली घरात. हे हितंच होऊ दे.”

म्हातारी तिला सोडून बंदरावर जाऊन बसली. मुलगी झाली, हातात धरायला भीती वाटेल एवढीशी. बाईंनी तिला कापसात गुंडाळलं, बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या आणि आईचं दूध काढून थेंबथेंब पाजलं. मुलगी जगली. होडीही आली, उशिरा, आणि जाळं फाटून. जाळं माझ्यामुळे फाटलं असं म्हातारीने वाड्यात घरोघरी सांगितलं. बारशाला मला बोलावणं नव्हतं. मला वेळही नव्हता.

त्यानंतर एकेक करून पोरी माझ्या दाराशी यायला लागल्या. “तो शब्द काय गो, मूठ आवळायचा?” मी सांगायची. शेवटचा ‘प’ त्यांनी गाळून टाकला. होडी बाहेर असली की वाड्यात ‘क्रॅम लागलेत’ म्हणायला सुरुवात झाली. वर्ष-दीड वर्ष चाललं. मग म्हाताऱ्यांनी बसून विचार केला आणि ठरवलं की क्रॅम म्हणजे कळाच. तोही शब्द बंद.

त्या सुनेला पुन्हा दिवस गेले. एका संध्याकाळी ती आली तेव्हा मी नुकती घरी येऊन टेकले होते.

“आता काय म्हणू? दुसरा कायतरी दे.”

“शब्द संपले माझ्याजवळचे,” मी म्हटलं. “लागलं की उठायचं नि चालायला लागायचं. सांगायचं कोणाला न्हाय.”

तिने तसंच केलं. होडी बाहेर असताना एका दुपारी ती काही न बोलता दवाखान्यात येऊन बाकावर बसली. सासू मागोमाग आली. तिने सुनेला ओढलं नाही आणि आतही पाऊल टाकलं नाही, बाहेर पायरीवर बसून राहिली. मुलगा झाला. तोवर त्या दोघी, मी, डॉक्टरीणबाई, कोणीच दुखण्याचा एकही शब्द काढला नाही. मग मी झाडू घेतला आणि म्हातारीला म्हटलं, “सरक काकी, पायरी झाडायचीय.” ती सरकली.