तिसऱ्या मजल्यावरचा किल्ला

आमच्या मावशीच्या यजमानांइतका सिरिया खुद्द सिरियातल्या माणसांनाही कळला नसेल. आणि काका तर इगतपुरीच्या पलीकडे सहसा गेले नाहीत. नव्वद सालच्या सुमारास देवळाली कॅम्पच्या बाजारात, रद्दीवाल्याकडे, त्यांना एक जाडजूड सचित्र पुस्तक मिळालं. तेव्हापासून नाशिक रोडच्या कॉलनीतला हा कारकून सिरियातल्या एका डोंगरमाथ्यावर, क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या काळातल्या शिलेदारांच्या किल्ल्यात कायमचा राहायला गेला. "आपल्याकडे डोंगरागणिक किल्ला, मग हा परका कशाला?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "आपले चढावे लागतात. हा गॅलरीत बसून दिसतो."

आणि दिसायचाही. संध्याकाळी लांबचे डोंगर निळे व्हायला लागले की काकांचा आवाज आपोआप खाली यायचा. आधी कुर्दांची लहानशी गढी, मग शिलेदारांनी चढवलेली दुहेरी तटबंदी, भूकंपात ढासळून पुन्हा उभे राहिलेले बुरूज, नुसता बघून माघारी फिरलेला सुलतान. हातातला चहा निवून जायचा आणि मला खरंच घोड्यांच्या टापा ऐकू यायच्या. शेवटच्या वेढ्यापाशी मात्र काका उठायचे. "पुढं काय झालं?" विचारलं की "पुढचं पुढं," म्हणत कुंड्यांना पाणी घालायला जायचे. इतक्या वर्षांत त्यांनी तो किल्ला काही पडू दिला नाही.

घरही त्याच बेतानं लावलेलं. त्या किल्ल्यात वाट सरळ शिरत नाही, वळणं घेते. म्हणून काकांनी दारासमोरच लोखंडी कपाट उभं केलं आणि त्यापुढे धान्याच्या कोठ्या. पाहुण्याला दोनदा वळूनच आत यावं लागे. नवा फ्रिज त्या वळणात अडला आणि आल्या जिन्यानं परत गेला. "शत्रू काही आला नाही, फ्रिज तेवढा आला होता," मावशी म्हणाली. पण वेढ्याच्या तयारीनं पिंपं कायम भरलेली असत, त्यामुळे नळ गेला की अख्खी कॉलनी कळशा घेऊन 'गडावर' यायची. काकांना त्या दिवशी फार बरं वाटायचं.

एका दुपारी काकांच्या छातीत दुखायला लागलं. स्ट्रेचर आलं ते कपाटाशी अडलं. शेजारीपाजारी धावून आले, पण त्या कपाटाला हात लावायची कुणाची छाती होईना. काका डोळे मिटूनच म्हणाले, "कपाट काढा." मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "त्यांनीही शेवटी दार उघडलं रे. आतल्यांना सुखरूप जाऊ द्यायचं, या अटीवर. पार समुद्रापर्यंत कुणी त्यांच्या वाटेला गेलं नाही." आम्ही कपाट भिंतीला सरकवलं, कोठ्याही हलवल्या आणि काका सरळ बाहेर पडले.

ते परत आले नाहीत. आता घरात फ्रिज आहे, दारातून थेट गॅलरीपर्यंत उजेड जातो. परवा गेलो, तर मोकळ्या दारातही माझे पाय दोनदा वळले. हसू आलं आणि डोळेही भरून आले. मागे पाहिलं, तर मावशी दार लावून आत येत होती. तीही तशीच वळत आली.