खिडकीजवळ, दुसरा खण

रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की मी वसईतल्या आमच्या गावच्या वाचनालयात डोकावतो. वाळवीने तिथली कपाटं खाल्ली तेव्हा पुस्तकं स्कॅन करून वाचवली. ती आता एका कॉम्प्युटरवर असतात आणि त्याच्यासमोर असतात शाळेतले आमचे सर. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी स्क्रीनकडे ते फळ्याकडे बघावं तसे मान मागे टाकून बघतात.

पुस्तकांचं ते सॉफ्टवेअर सरांनी पार बदलून टाकलंय. मुखपृष्ठं लपवली. "पुस्तक कपाटात पाठ करून उभं असतं, फोटोला नाही," म्हणाले. प्रकाशकाचा रकाना काढून पुस्तक पूर्वी जिथे असायचं ते 'कपाट' आणि 'खण' असे दोन रकाने घातले. लेखकाचं नाव सांगितलं तर सर घुटमळतात, पण "खिडकीजवळ, दुसरा खण" म्हटलं की बोट नेमकं त्या ओळीवर जातं.

यादीतल्या त्याच खणात मला एक पुस्तक दिसलं, ज्याची फाइलच नव्हती. नुसतं नाव आणि पुढे शेरा: 'वाचायला नेलंय. येईल.'

"सर, नसलेलं पुस्तक यादीत कशाला?"

"जागा धरून ठेवलीय रे."

नाव वाचून माझे कान तापले. सातवीत नेलेलं ते शिकारकथांचं पुस्तक माझ्याच घरी होतं.

पुढच्या रविवारी ते मी गुपचूप सरांपुढे ठेवलं. त्यांनी उघडून वास घेतला, खिडकीत उभं केलं, शेरा पुसला आणि दोन बोटांनी टाइप केलं: 'आलं.' मग हसत माझ्याकडे वळले.

"आता कुठलं नेतोस?"