एकट्याचाच स्कॅनर चालू

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीचं गोदाम मी सांभाळते. पोत्यावरचा बारकोड वाचायला कंपनीनं आम्हाला हातात मावणारे, मोबाइलपेक्षा जाडजूड असे छोटे कॉम्प्युटर दिलेत. आम्ही त्यांना स्कॅनर म्हणतो. ज्याचा त्याचा स्कॅनर आणि ज्याचा त्याचा चार्जिंगचा स्टँड, अशी वाटणी आहे.

त्या वर्षी दसरा झाला, हरभऱ्याची पोती ट्रकांत चढायला लागली आणि स्कॅनर दुपारच्या जेवणाआधीच माना टाकू लागले. स्कॅनर बंद म्हणजे पोतं हलत नाही, ट्रक हलत नाही आणि फाटकावरचे ड्रायव्हर माझ्या खानदानाची चौकशी करायला लागतात.

मी हेड ऑफिसला फोन केला. तिथल्या साहेबांनी स्क्रीनचा उजेड कमी करायला सांगितलं. केला. गोदामात आधीच अंधार, आता स्क्रीनवरचंही दिसेना. बॅटरी संपायची तेव्हाच संपायची. मग वायफाय बंद करायला सांगितलं. ते बंद केलं तर मोजलेली पोती कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचेचनात. तिसऱ्या फोनला साहेब म्हणाले, बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या असतील, पुढच्या वर्षी बघू. एवढं शिक्षण घेतलेला माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार.

फक्त एकाचा स्कॅनर संध्याकाळपर्यंत चालत होता. हा माणूस कंत्राटावरचा, बोलायला कमी, कामाला चोख. चालता स्कॅनर ही खरं तर कौतुकाची गोष्ट. आमच्याकडे तो पुरावा ठरला. आमचे सुपरवायझर काका कंपनीतले सर्वांत जुने. त्यांनी निकालच दिला. "त्यानं चांगली बॅटरी बदलून घेतली. बाकीच्यांच्या बंद पडून राह्यल्या अन् याचीच बराबर चालती, असं कसं?"

दिवाळीला त्याचं कंत्राट नवं व्हायचं होतं. मॅनेजर मला म्हणाले, खरंखोटं काय ते लवकर कळवा, नाहीतर त्याला सोडून देऊ. मी त्याला बोलावून विचारलं. "मी बिलकुल हात न्हाई लावला, मॅडम. तुम्हीच बघा," एवढंच तो म्हणाला आणि पोती मोजायला गेला. मला फार राग आला. त्याचा नाही, आमचाच.

मी त्याची बॅटरी काकांच्या स्कॅनरमध्ये घातली, काकांची त्याच्यात, आणि दोन्ही स्कॅनर आपापल्या स्टँडवर ठेवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी काकांचा स्कॅनर ती चोरीची चांगली बॅटरी पोटात घेऊन जेवणाआधीच झोपला. त्याचा स्कॅनर मात्र काकांची म्हातारी बॅटरी घेऊन संध्याकाळपर्यंत चालला. म्हणजे बॅटऱ्यांचा काही दोष नव्हता. त्या धड भरतच नव्हत्या.

काकांचा स्कॅनर मी उलटा करून उन्हात धरला. त्याच्या बुडाशी दोन सोनेरी ठिपके असतात. स्टँडमधली वीज तिथूनच आत शिरते. त्या ठिपक्यांवर कुंकवाचा वाळलेला थर होता.

मग लक्षात आलं. खंडेनवमीला आम्ही वजनकाटा, पोती शिवायचं मशीन, ट्रॉल्या अशी सगळ्यांची पूजा करतो. त्या वर्षी स्कॅनरही लाल कापडावर मांडले होते. काळ्या स्क्रीनवर कुंकू उठून दिसेना, म्हणून काकांनी स्कॅनरचं कपाळ शोधायला घेतलं आणि ते त्यांना नेमकं त्या सोनेरी ठिपक्यांत सापडलं. हळदकुंकू पाण्यात कालवून त्यांनी मनापासून लावलं, एकही स्कॅनर सोडला नाही. सुटला तो एकच. त्याचा धनी दसऱ्यासाठी नागपूरला, दीक्षाभूमीवर गेला होता आणि स्कॅनर त्याच्या लॉकरमध्ये होता.

कापसाला स्पिरिट लावून मी सगळे ठिपके पुसले. स्कॅनर संध्याकाळपर्यंत चालू लागले. मॅनेजरना मी सगळं सांगितलं, कंत्राट नवं झालं. माफी मात्र कुणी मागितली नाही. काका म्हणाले, "पूजेनं कधी वाईट होत न्हाई, मॅडम. कुंकूच हलक्यातलं होतं."

पुढच्या वर्षी कुंकू फक्त स्कॅनरच्या पाठीवर लावायचं, असा नियम मी घालून दिला. तो सगळ्यांना ठाऊक होता, त्यालाही. तरी नागपूरला निघायच्या दिवशी तो लॉकरमधून स्कॅनर काढून माझ्या टेबलाशी आला.

"यालाबी सगळ्यांसंगं कुंकू लावा, मॅडम."

"अरे, पण तुमच्यात हे करत नाहीत ना?"

"न्हाई. पण बंद पडायचंच असलं तं सगळ्यांसंगं पडू द्या. मंग मला कोणी काही इचारणार न्हाई."

त्याला गाडी गाठायची होती. स्कॅनर माझ्या टेबलावर ठेवून तो गेलाही. खंडेनवमीला त्याच्या स्कॅनरला मी माझ्या हातानं कुंकू लावलं, पाठीवर, काकांना नीट दिसेल असं.