मोकळी गाडी

माझ्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम आहे. त्यात गाडीचं वजन, स्प्रिंगा, टायरची पकड, सगळं अगदी खऱ्यासारखं आहे, असं तो बनवणारे सांगतात. माझा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. प्रत्येक वळणावर गाडी टणाटण उडायची आणि मी चिडून टेबलावर हात आपटायचे. शेवटी एका रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, मी बाबांनाच खुर्चीत बसवलं. माझ्या जन्माच्या आधीपासून ते शहापूर-शेणवा प्रवासी जीप चालवतात. त्यांच्याहून मोठा परीक्षक मी कुठून आणणार होते?

टेबलाला स्टिअरिंग घट्ट बसवलेलं, खाली फरशीवर पेडलं. बाबांनी सगळं निरखून पाहिलं आणि विचारलं, "मागं किती मानसं हायत?"

"कोणी नाय, बाबा. शर्यत आहे ही."

"मग उडणारच गो. मोकळी गाडी नाचतेच. पाटे दबायला वजन लागतं."

पाटे म्हणजे जीपच्या मागच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या. त्या भरल्या गाडीसाठी केलेल्या असतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण गेम खेळताना कधी आठवलंच नाही. बाबांनी दाखवलं, "वळणाच्या आधी ब्रेक दाब. गाडीचं नाक खाली गेलं का पुढची चाकं रस्ता धरतात. मग वळव." दोन चकरा त्यांनी अशा मारल्या की गाडी एकदाही उडाली नाही. म्हणजे गेम खरा होता आणि खोटी मीच. इतके दिवस घातलेल्या शिव्या मुकाट्याने परत घ्याव्या लागल्या.

पण मला छळणारा खरा प्रश्न ब्रेकचा होता. हे पेडल मुकं आहे. कितीही दाबा, पायाला काही कळत नाही. मी विचारलं, "बाबा, ब्रेक कसा वाटतो?"

"आपल्या जीपचा हाय तसाच."

मी गोंधळले. जीपचा ब्रेक मी दाबलेला आहे. रस्त्यावरचा खडान् खडा तळपायाला सांगतो तो. तो या प्लास्टिकसारखा कसा असेल? बाबा माझं मन राखत असतील, असं वाटलं. मग वाटलं, जीपचाच ब्रेक गेला की काय! तशीच उठून अंगणात गेले, जीप चालू करून ब्रेक दाबून पाहिला. ठणठणीत होता. परत येताना डोक्याचा पार भुगा झालेला. गेम खरा, जीपही बरी, मग बाबा असं का म्हणाले?

आत आले तर ते अजून खेळत होते. आता माझ्या लक्षात आलं की ब्रेक दाबण्याआधी दर वेळी ते खाली बघतात. आणि त्यांची उजवी चप्पल पेडलापासून हातभर लांब पडली होती. रक्तात साखर निघाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना घरातही चपला घालायला लावल्या आहेत. मी खाली बसून ती चप्पल उचलली. त्यांच्या तळव्याला बोटाने टोचलं. त्यांनी मान वळवली नाही.

"बाबा, चप्पल कुठे तुमची?"

"पायात."

मी चप्पल वर धरली. त्यांनी स्टिअरिंग सोडलं. स्क्रीनवरची गाडी आपली आपण जाऊन कठड्याला धडकली.

"कधीपासनं पायाला कळत नाय?"

"दिवाळीपासनं."

"मग जीप कशी चालवता?"

"ही चालवली तशीच. बघून बघून."

मला आधी राग आला, मग आठवलं. परवाच सापगावला लग्नाला आम्ही त्याच जीपने गेलो होतो. मुरबाडची आत्या मागे नातीला मांडीवर घेऊन गप्पा मारत बसली होती. मी काय बोलले ते आता धड आठवत नाही. मोठ्याने बोलले एवढं नक्की.

सोमवारी सकाळी जीप अंगणातच होती. बाबांनी किल्ली आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेमच्या खुर्चीत बसले.

"चालू कर," ते म्हणाले. "मागं कोन नाय ना?"

"कोणी नाय, बाबा."

मग त्यांनी खाली बघून पाय ब्रेकवर ठेवला.