तेल पाजलेला नकाशा

"तारा तू उलट्या लावल्यास."

"सुलट्याच लावल्या, भावोजी. तुम्ही तपासल्या नाहीत."

"मग तू कशाला होतास तिथे? शोभेला?"

"शेपटी धरायला होतो. धरली. 'वर दाखवा' म्हणून दोनदा ओरडलो."

"मला ऐकू आलं नाही."

"इंजिन चालू असलं की तुम्हाला ऐकू येत नाही, बंद असलं की ऐकायचं नसतं. आम्ही बोलायचं तरी कधी?"

टर्नरने हातातला पुठ्ठ्याचा खोका टेबलावर आदळला. खोक्यात त्याने स्वतः बनवलेलं छोटं विमान होतं. पुढचा भाग चेचलेला, चाकं वाकलेली, पंख धडापासून निखळलेला. दोन वर्षांचं काम, आणि हवेत राहिलं होतं जेमतेम पाच सेकंद.

शाळेची जुनी हस्तकलेची खोली. शाळेने ती कधीच सोडून दिली होती, त्यामुळे दर रविवारी ती या तिघांची असायची: लेथवरचा निवृत्त टर्नर, त्याचा मेहुणा कंपाउंडर आणि चित्रकलेच्या बाई. किल्ल्याही तीनच. बाई खिडकीशी बसून पंखाच्या एका फासळीला, हलक्या बाल्सा लाकडाच्या, पॉलिशपेपर घासत होत्या. भांडण सुरू झाल्यापासून त्यांचा हात थांबला नव्हता, फक्त घासण्याचा आवाज जरा वाढला होता.

"बाई, तुम्हीच सांगा," टर्नर म्हणाला. "ज्याने दुसऱ्याच्या तारा उलट्या लावून विमान मातीत घातलं, त्याचं काय करायचं ठरलंय आपलं?"

"वर्षभर कुणाच्या तारेला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "आणि किल्ली परत."

"झालं तर मग. किल्ली काढ."

कंपाउंडरने किल्ली काढली नाही. तो टर्नरकडे बघत राहिला, औषधांच्या दुकानात डॉक्टरची गिचमिड अक्षरातली चिठ्ठी बघावी तसा.

ही विमानं तारांवर उडतात. माणूस मैदानाच्या मधोमध मूठ धरून उभा राहतो, मुठीपासून अठरा मीटरच्या दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखात शिरतात, आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरतं. मनगट वर केलं की शेपटीची पट्टी उचलते आणि विमान चढतं, खाली केलं की उतरतं. याच्यावर माणसं हवेत गोल काढतात, इंग्रजी आठ काढतात, उलटं उडवतात. तारांची अदलाबदल झाली की वरचं खाली आणि खालचं वर. म्हणून सोडण्याआधी एक रीत असते. मधल्याने मनगट वर करायचं, शेपटी धरणाऱ्याने पट्टी बघून "वर" असं ओरडायचं. मग खाली. मगच सोडायचं. पोरांना पाढे घोकवावेत तशी ही रीत बाईंनी दोघांकडून घोकून घेतली होती.

गेल्या रविवारी टर्नरने मनगट हलवलंच नाही. नुसता डावा हात झटकला, म्हणजे सोड. कंपाउंडरने सोडलं. विमान गवतावरून धावत उठलं. टर्नरने ते सरळ करायला नाक जरा दाबलं, तर ते उसळलं. त्याने घाबरून अजून दाबलं. विमान त्याच्याच डोक्यावरून उलटं आलं आणि पाठीमागे जमिनीत घुसलं. पडतानाचा आवाज मोठा नव्हता, कुणीतरी पायाने खोका चेचावा एवढाच. टर्नर मूठ धरून तसाच उभा होता. मग पहिलं वाक्य बोलला ते हे: तारा तू उलट्या लावल्यास.

त्याच्या हाताबद्दल कुणी कधी काही बोललेलं नव्हतं. पंपाच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर काढली. शाफ्टवरून नख फिरवून जाडी किती जास्त आहे ते सांगायचा. नवे इंजिनिअर आधी हसायचे, मग मोजायचे, मग गप्प बसायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले होते, "या हाताने चूक केलेली मी पाहिली नाही." टर्नरने ते इतकं मनावर घेतलं की त्या दिवसापासून घरात एखादा कप फुटला तरी तो कपाचा दोष असायचा. बायको म्हणायची, "साहेब बोलून मोकळे झाले. निस्तरायचं मला आलं."

आणि मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आठ वर्षांपूर्वी "मलाही शिकवा, भावोजी" म्हणत आला. टर्नरने शिकवलं. गेल्या वर्षी जुन्या विमानांच्या मेळाव्यात त्या मेहुण्याने टर्नरपेक्षा बावीस गुण जास्त मिळवले. परतताना गाडीत टर्नर म्हणाला, "गोळ्या मोजणाऱ्याची बोटं बरी चालतात." कंपाउंडर म्हणाला, "तुमची थोडी थरथरायला लागलीत, भावोजी. बाटलीचं झाकण लावताना बघितलं मी." म्हणायला काळजीनेच म्हणाला असेल. टर्नरला मात्र त्या मिरच्या वर्षभर झोंबत होत्या.

"मला काही सांगायचंय, बाई," कंपाउंडर आता म्हणाला. "लाल दोरा बांधलेली तार पुढच्या कडीला, बिनदोऱ्याची मागच्या कडीला. मी तशीच लावली. पडल्यावर मी आधी तेच बघितलं, विमान उचलायच्याही आधी. तारा बरोबर होत्या. म्हणजे चूक पंखाच्या आत आहे. तिकोन उलटा बसलाय."

तिकोन म्हणजे पंखाच्या पोटातला हाताएवढा त्रिकोणी पत्रा. त्याच्या दोन कोपऱ्यांना तारा, तिसऱ्याला शेपटीकडे जाणारी दांडी. तिसरा कोपरा भलत्या बाजूला गेला, की सगळा कारभार उलटा.

"तिकोन मी बसवलाय," टर्नर म्हणाला. "मी."

"म्हणूनच म्हणतोय."

"पंख झाकण्याआधी कुणी बघितला होता?" बाईंनी विचारलं. झाकण्याआधी आतलं काम दुसऱ्याने बघायचं, हीही खोलीची रीत होती.

"तुम्ही त्या आठवड्यात परगावी होतात."

"आणि मी होतो," कंपाउंडर म्हणाला. "दोन गल्ल्या पलीकडे. मला बोलावलं नाहीत."

"लेथवर चौतीस वर्षं काढलेल्याने गोळीवाल्याला बोलवायचं? काय बघणार होतास, एक्सपायरी डेट?"

बाईंचं घासणं थांबलं. "पंख उघडला की कळेल," त्या म्हणाल्या.

टर्नर याचीच वाट बघत होता. त्याने खिशातलं पातं काढलं आणि मुठीकडून बाईंपुढे धरलं. "उघडा. मेलेल्याला काय दुखणारे. पण तिकोन बरोबर निघाला तर याची किल्ली आत्ता, इथे, टेबलावर."

कंपाउंडरने हे ऐकलं आणि आपणहून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "निघाला तर घ्या."

टर्नरचा आवाज स्थिर होता, कारण तिकोन बरोबर होता. सोमवारपासून.

सोमवारी दुपारी त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो पंख उघडला होता. उघडला तो मेहुण्याला खोटं पाडायलाच. आणि आत बघितलं तर तिकोन खरंच उलटा होता. जुना नकाशा होता, त्यात पंखाचा एकच अर्धा भाग काढलेला. असे नकाशे आले की कागदाला तेल पाजायचं, म्हणजे रेघा पाठीमागून दिसतात, आणि कागद उलटा टाचून दुसरा अर्धा करायचा. त्यानेही तसंच केलं होतं. मग कागद सुलटा करायचा राहिला. तेलकट कागदाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. तारा डाव्या पंखातून काढायच्या, हे त्याचं झोपेतही चुकलं नसतं. पण तिसरा कोपरा त्याने उलट्याच कागदावर दिसला त्या बाजूला केला, आणि त्याच्यासाठी डावीकडच्या फासळीत सुबक खाच कोरली. इतकी सुबक, की त्याला स्वतःचाच राग आला.

त्याने तिकोन सोडवला, फिरवला. उजव्या फासळीत नवी खाच कोरली, डावीकडच्या खाचेत लाकडाचा तुकडा बसवला. वर नवा टिश्यू, म्हणजे पंख झाकायचा पातळ कागद, चिकटवला, पाण्याने ताणला, तो ताठ करणाऱ्या रोगणाचे, डोपचे, दोन हात दिले. घरभर तो गोडसर उग्र वास. बायको दारात येऊन उभी राहिली.

"मोडलेल्या विमानाला नवा कपडा कशाला?"

"फाटला होता."

"मधे कुठे फाटला होता? मी काल बघितला की."

ती ओट्यापाशी आली. तिने उलटा टाचलेला नकाशा बघितला, बाजूला पडलेली, कापून काढलेल्या जुन्या टिश्यूची चिंधी बघितली. या घरात तीस वर्षं विमानं झाली होती, तिला सांगावं लागत नव्हतं.

"त्याला सांगणार आहात ना?" तिने विचारलं. "कालपासून जेवण गोड लागत नाहीये माझ्या भावाला. दुकानात चुकीची बाटली दिली त्याने आज सकाळी."

"बघू."

"'बघू' नको. सांगणार का?"

"तू यात पडू नकोस," टर्नर म्हणाला. "पडलीस तर बघ."

तिने खिडकी उघडली, वास जायला. त्यानंतर आठवडाभर ती त्याच्याशी मीठ-तिखटापुरतंच बोलली.

आणि आता बाईंच्या हातात पातं होतं. त्यांनी ते पंखावर टेकवलं आणि परत उचललं.

"टिश्यू नवा आहे," त्या म्हणाल्या.

"पडताना फाटला. मढं असलं तरी नीट झाकलेलं बरं."

"डोपचा वास ताजा आहे अजून."

"बाई, तुम्हाला कापायचंय की वास घ्यायचाय?"

"कापायला कशाला हवं," बाई म्हणाल्या. त्यांनी पातं टेबलावर ठेवलं, पंख दोन्ही हातांनी उचलला आणि खिडकीसमोर, उन्हात धरला.

टर्नरने सगळा विचार केला होता. पत्रा, दांडी, खाच, डिंक. उन्हाचा विचार केला नव्हता. पिवळ्या टिश्यूतून ऊन आरपार आलं आणि पंखाची सगळी हाडं दिसायला लागली. एकेक फासळी बारीक रेघेसारखी सरळ. फक्त एक रेघ मधोमध गाठाळलेली. डावीकडची. तिथे जाडसर काळा ठिपका, आणि भोवती डिंकाची सावली.

"हा एक्स-रे बरा आहे," कंपाउंडर म्हणाला, पण त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. तो जवळ गेला, बोटाने तो ठिपका दाखवला. "खाच होती इथे. बुजवलीय."

"तिकोन आत्ता बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"आत्ता," कंपाउंडर म्हणाला.

टर्नर म्हणाला, "लाकडात गाठ असते. बाल्सात पण असते."

"टर्नर," बाई म्हणाल्या, "बाल्सात गाठ असती तर तुम्ही ती फासळी वापरली असती का?"

या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते त्याच्या चौतीस वर्षांनी दिलेलं होतं. त्याने असं लाकूड हातात धरलं नसतं. तो हात पाठीमागे नेऊन उभा राहिला.

बाईंनी पंख खोक्यात ठेवला. मग टेबलावरची किल्ली दोन बोटांनी सरकवत कंपाउंडरकडे नेली. त्याने ती उचलली नाही.

"नुसती चूक असती तर मी अवाक्षर काढलं नसतं, भावोजी," तो म्हणाला. "आपण दोघांनी मिळून उघडला असता. हसलो असतो. तेलाचा कागद माझाही उलटा राहिलाय दोनदा, तुम्हीच पकडलात. तुम्ही कुणाला सांगितलंत का कधी?"

"भाषण नको."

"भाषण नाही. हिशेबच विचारतो. आठवडाभर मी रात्री तारा परत परत लावून बघतोय. लाल पुढे, बिनलाल मागे. मला वाटायला लागलं माझंच डोकं फिरलंय. आणि तुम्ही हे शिवत बसला होतात. कुठे शिवलंत? घरी?"

टर्नरने टेबलावरचा चष्मा उचलला, डबीत घातला. डबी बंद व्हायला दोनदा प्रयत्न करावा लागला. बाईंनी आणि कंपाउंडरने ते बघितलं आणि दोघंही दुसरीकडे बघायला लागले.

"ओट्यावर केलंत," कंपाउंडर म्हणाला. "तुम्ही डोपचं काम ओट्यावरच करता. खिडकीपाशी." त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "ताई घरी होती ना सोमवारी?"

टर्नरने टोपी घातली.

"भावोजी. मी तिला बुधवारी फोन केला होता. म्हटलं, ताई, मीच उलट्या लावल्या असतील गं. ती नुसती 'जेवलास का' म्हणाली."

टर्नरने खोकाही घेतला नाही.

"तिला माहीत होतं?"

टर्नर दारापर्यंत गेला. दार जरासं जड होतं, त्याला खांद्याने रेटावं लागायचं. त्याने रेटलं आणि मैदानाच्या बाजूने चालू लागला.