डायरेक्टवर राहिलेला कंट्रोलर

वाळूजच्या एका केमिकल कंपनीत बद्रीनाथ इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. कामाला चोख, स्वभावानं मात्र पक्का अडेलतट्टू. लेक प्रेरणा स्वतःच्या पसंतीनं लग्न करून पुण्याला गेली, तेव्हा यानं जे तोंड फुगवलं ते फुगवलंच. तिचा फोन लांबला की हाही गप्प. "तिला गरज नाय, तर मला काय पडलंय?" बायकोचं, सारजाबाईचं, नेमकं उलटं. तिकडून फोन लांबला की ती स्वतः दोनदोनदा लावायची, येत्याजात्याजवळ लोणचं धाडायची. तिच्या जिवावर घराची ऊब टिकून होती. गेल्या साली ती गेली आणि बापलेकीचं बोलणं सणासुदीवर आलं.

परवा राळेचं भांडं तापवणाऱ्या वाफेच्या लाइनवरचा, व्हॉल्व्ह उघडमीट करणारा कंट्रोलर बिघडला. थंड पाण्याच्या लाइनवरून काढून ठेवलेला एक बद्रीनाथनं घाईघाईत बसवला आणि दुसऱ्या कामाला लागला. पाण्याच्या लाइनवर माल निवला की व्हॉल्व्ह मिटत जातो. तिथं तेच बरोबर, त्याला डायरेक्ट म्हणतात. वाफेच्या लाइनवर माल निवला की व्हॉल्व्ह उघडायला हवा, म्हणून कंट्रोलर रिव्हर्सवर ठेवायचा. बद्रीनाथला हे झोपेतसुद्धा सांगता आलं असतं, पण तेवढंच करायचं राहून गेलं. माल जरा निवला, कंट्रोलरनं वाफ कमी केली. आणखी निवला, आणखी कमी केली. दुपार कलेपर्यंत सगळी राळ भांड्यातच थिजली.

शिफ्टचा इंजिनीअर आकाश धावत आला. "बद्रीनाथराव, हा तर डायरेक्टवरच राहिला की हो! माल गार पडत गेला तसा हा हात आखडता घेत गेला."

बद्रीनाथनं थिजलेल्या राळेकडं पाहिलं. मालाचं दुःख होतंच, पण डोळ्यांपुढं उभी राहिली प्रेरणा. ती गार पडत गेली तसतसा आपणही हात आखडता घेत गेलो, हे त्याला तेव्हा कुठं कळलं. 'सारजे, तुला हे कुणी शिकवलं होतं गं?' असं मनात म्हणत तो चारचौघांत रडला. लोकांना वाटलं, नोकरीच्या भीतीनं रडतोय.

सुट्टी झाल्यावर गेटबाहेर उभं राहून त्यानं पुण्याला फोन लावला.

"अप्पा?" प्रेरणाचा आवाज घाबरलेला. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाय गं. सहजच केला."



"सहज तर आई करायची, अप्पा. तुम्ही खरं काय ते सांगा."