पोटुशीची चाल

सोनाळ्यात तानुबाईच्या चालण्याची चेष्टा व्हायची. बाई चालायची कसली, पळायचीच! निंदणाला निघाली की बाकीच्या बायका गावाबाहेर पडेपर्यंत ही शेतात पोचून खुरपं घेऊन बसलेली. नवरा कधीच वारला, पोटी मूलबाळ नाही, घरी वाट पाहणारं कुणी नाही. मग एवढी घाई कशाची, देव जाणे.

थांबायची ती एकाच वेळी. समोरून पोटुशी बाई येताना दिसली, की रस्ता सोडून कडेला व्हायची आणि तोंड फिरवून उभी राहायची. कुणी बोलायच्या आत आपणच बाजूला झालेलं बरं. ओटी भरायचं बोलावणं तर तिला उभ्या जन्मात आलं नाही.

म्हणून कौशल्याबाईंची सून अश्विनी जेव्हा ओट्यावरून म्हणाली, "मावशी, माह्यासंग फिरायले चालता का?" तेव्हा तानुबाईनं आधी मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाला म्हणते आहे.

अश्विनीला पाचवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज चाल, पण सावकाश, बोलता बोलता धाप लागायला नको. आणि एकटी जाऊ नकोस. नवरा सागर पुण्याला कंपनीत, घरची माणसं सोयाबीन सोंगायला शेतात. कौशल्याबाईंनी नाक मुरडलं, पण सुनेला फिरवायला त्यांना तरी कुठं सवड होती? "जाय," म्हणाल्या, "कोनी नसल्यापक्षा बरी."

झालं! रोज ऊन उतरलं की दोघी संत्र्याच्या बागांकडच्या रस्त्याला लागायच्या. पहिल्या दिवशी तानुबाई सवयीनं पार पुढं निघून गेली. मागून अश्विनी हसत ओरडली, "मावशी, कोनी मांगं लागलं काय?" मग शिकली बाई हळू चालायला. रस्त्याची चांगली बाजू पोरीला, खड्ड्याखुड्ड्यांची आपल्याला. पुलाच्या कठड्यापाशी आलं की म्हणायची, "बस जरा. दमली असशीन."

तिथंच एकदा अश्विनीनं तिचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. "पाहा, कसा लाथा मारून राह्यला!" चटका बसावा तसा तानुबाईनं हात मागं घेतला. मग तिचा तिनंच पुन्हा ठेवला. घरी आली तर चूल पेटवायचंही सुचेना. नुसती बसून राहिली. इतका आनंद तिला झेपतच नव्हता.

सातव्यात अश्विनीची ओटी भरली. तानुबाईला बोलावणं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी भाऊ तिला माहेरी, अमडापूरला घेऊन गेला. जाताना अश्विनी म्हणाली होती, "आल्यावर लेकरू पयले तुमच्याच हाती देईन, मावशी."

त्या एका शब्दावर तानुबाईनं हिवाळा काढला. रोज एकटीच त्या रस्त्यानं जायची, तशीच हळूहळू. बाया विचारायच्या, "काऊन वं, आता कोनासाठी चालून राह्यली?"

"पायाले सवय पडली," ती म्हणायची.

उन्हाळ्यात अश्विनी आली. तानुबाई फिरायला निघाली तेव्हा अश्विनी बाळाला खांद्यावर घेऊन ओट्यावर येरझारा घालत होती. तानुबाई थबकली. लुगड्याला हात पुसून तिनं ते पुढंही केले.

"अश्विनी, आत ये!" घरातून कौशल्याबाई ओरडल्या. "दिवेलागणीले कोनाचीबी नजर लागते!"

कोणाची, ते सांगायची गरजच नव्हती. पण मी म्हणतो, हेच लेकरू पोटात असताना रोज फिरवून आणलं, तेव्हा कुठं गेली होती ही नजर? अश्विनीनं तानुबाईकडं पाहिलं, मान खाली घातली आणि आत गेली.

तानुबाईला फार लागलं. पण बोलायचं कोणाजवळ? ती आपली रस्त्याला लागली. चांगली बाजू मोकळी सोडून, खड्ड्यांच्या बाजूनं, हळूहळू. पूल आला.

"बस जरा," ती म्हणाली. "दमली असशीन."

आणि एकटीच कठड्यावर बसली.